केळव्वा

माझा आवाज पहिल्यापासून मोठा. बार्शीला वडिलांचं भुसार दुकान होतं. हमाल आणि गाड्यांच्या गलबल्यात हाक मारली तर ती रस्त्यापलीकडे पोचलीच पाहिजे, अशी लहानपणापासूनची सवय. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही पोरगी घरात असली की चोर यायचा न्हाई." तेव्हा ते कौतुक होतं. अकरा वर्षांनी त्याच आवाजानं मी काय करून ठेवलं, ते सांगते.

सासूबाईंचं नाव गंगम्मा, पण सगळं घर त्यांना अव्वा म्हणायचं, मीही. माहेर अक्कलकोटच्या खाली, त्यामुळे मूळचं बोलणं कानडी. सोलापुरात पन्नास वर्षं काढल्यावर मराठीही कशी फर्डी झालेली. भाजीवालीशी भांडायच्या मराठीत आणि मुलाशी गुजगोष्टी कानडीत. मला कानडी येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर यावं असं वाटतही नव्हतं. मायलेकांचं कानडी सुरू झालं की मी भांडी जरा जोरात आदळायची. बोलणं माझ्याबद्दलच चाललंय अशी माझी खात्री असायची. 'हौद' म्हणजे हो, 'इल्ला' म्हणजे नाही आणि 'ऊटा' म्हणजे जेवण, इथवर येऊन माझं शिक्षण थांबलं होतं.

शहात्तर साली अव्वांना पंचाहत्तरावं लागलं आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. कान ठणठणीत होते. आत दुधावरचं झाकण सरकलं तरी बाहेरून "मांजर! मांजर!" म्हणून ओरडायच्या. पण मी विचारलं, "अव्वा, गिरीला भाकरी दिली का, आणि मघाशी दारात कोण आलं होतं, दळण आणायचं कुणी सांगितलं?" तर नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "हौद." कशाला 'हो', ते देवालाच ठाऊक. दोन माणसं एकदम बोलायला लागली की त्यांचा चेहरा कोरा व्हायचा. भिंतीपलीकडे चार यंत्रमाग दिवसभर खडखडत, त्या आवाजात तर काही विचारायचीच सोय नव्हती.

मला वाटायचं, सोंग आहे. सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं म्हातारीला. म्हणून मी आवाज चढवायची. आवाज चढला की माझं बोलणंही भरभर होतं. ते जितकं भरभर, तितक्या अव्वा गप्प. मग मी आणखी चिडायची.

त्यातून त्यांना दोन खोडी लागल्या होत्या. एक म्हणजे पदराला गाठ मारायची, काही विसरू नये म्हणून. पण गाठ कशासाठी मारली तेच विसरायच्या आणि दिवसभर ती चाचपत बसायच्या. दुसरी म्हणजे माझं मनगट धरून म्हणायच्या, "केळ... केळव्वा." त्या अशा अडल्या की मी टोपलीतलं केळं काढून हातात द्यायची. त्या केळ्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे. कधी मुकाट्यानं खायच्या, कधी उशाशी ठेवायच्या आणि ते काळं पडायचं. "मागून घ्यायचं आणि टाकून द्यायचं! कुणाच्या बापाची बाग आहे?" असं मी म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं.

माझ्या नवऱ्याला, चन्नवीरला, त्या 'केळप्पा' म्हणायच्या. लहानपणी केळ्यांवर तुटून पडत असेल म्हणून लाडाचं नाव पडलं असेल, अशी मी आपली समजूत करून घेतली होती. आता मी केळव्वा झाले होते, तेव्हा एकदा गालातल्या गालात हसलेही. चन्नवीर चादरींचे गठ्ठे घेऊन महिन्यातले पंधरा दिवस बाजारांना फिरायचा. त्या नावाबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

एप्रिलातला सोमवार होता. चन्नवीर अकलूजला गेलेला. रॉकेल आलंय असं कळलं म्हणून मी सकाळी नऊला डबा घेऊन रांगेत उभी राहिले. चार वर्षांच्या गिरीला अव्वांजवळ ठेवलं. जाताना दारातूनच ओरडले, "अव्वा, पोरीला उन्हात सोडू नका, भात झाकलाय, नळ आला तर घागर लावा!" त्या म्हणाल्या, "हौद."

साडेअकराला परत आले तर अव्वा उंबऱ्यात उभ्या. मला बघताच त्यांनी मनगट धरलं. "केळ. केळव्वा, केळ." मी हात सोडवून घेतला. डोकं उन्हानं तापलं होतं, बोट डब्याच्या कडीनं कापलं होतं. आत पाहिलं तर गिरी जमिनीवर बसून हवेत बोटांनी काहीतरी वेचत होती. चेहरा लालबुंद. "आई, मुंग्या," ती म्हणाली, पण भिंतीकडे बघून. अंगाला हात लावला तर चटका बसला. घाम एवढासाही नाही. पाणी तोंडाला लावलं तर ते तिला गिळता येईना.

मी ओरडले, आणि माझं ओरडणं म्हणजे सगळी गल्ली गोळा झाली. पलीकडच्या मागांवर कांड्या भरणारी गोजरबाई पहिली धावली. "ऊन लागलंय वैनी, दुसरं काय न्हाय," ती म्हणाली. "उचला तिला, दवाखान्यात चला." मी पोरीला खांद्यावर टाकलं आणि पळाले. मागून अव्वा अनवाणी, पदराची गाठ मुठीत धरून येत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता. बाकांवर माणसं, दारात माणसं, आतल्या खोलीत दिवा मिणमिणता. डॉक्टरांनी नाडी बघितली, पोट दाबलं. पोट दाबल्यावर गिरी कळवळली. "काय खाल्लं होतं हिनं?"

"मी घरी नव्हते," मी म्हणाले. "अव्वा, काय दिलं होतं तिला? सांगा की! काय खाल्लं? कधी खाल्लं? उन्हात गेली होती का? बोला की!"

अव्वांनी माझं मनगट पकडलं. "केळ," त्या म्हणाल्या. "केळ, केळ."

"केळं खाल्लंय म्हनत्यात डाक्टर," गोजरबाईनं सांगितलं.

"केळं खाल्लं का आजी?" डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं. बाकावरच्या चार माणसांनीही तोच प्रश्न आपापल्या परीनं ओरडून विचारला. अव्वांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा कोरा झाला. "हौद," त्या म्हणाल्या.

झालं. ऊन लागलंय आणि उपाशीपोटी केळं खाऊन पोटात मुरडा आलाय, असं ठरलं. कंपौंडरनं कागदाच्या खुणा चिकटवलेली मिक्श्चरची बाटली दिली. पहिला डोस तिथेच कसाबसा पाजला, बाराच्या ठोक्याला. दुसरा तीन वाजता. ओल्या चादरीत गुंडाळा, म्हणाले.

घरी आणून मी तिला ओल्या चादरीत गुंडाळलं. एक वाजला, दोन वाजले. ताप हटेना. गिरी आता मला ओळखत नव्हती. "ती बाई कोण?" असं माझ्याकडे बघून कुणाला तरी विचारत होती. मध्येच हसायची, मध्येच किंचाळायची. तिच्या डोळ्यांतलं बुबुळ एवढं मोठं काळं झालं होतं की मला त्यात बघवेना. माझी पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना गेली होती, त्याला सहा वर्षं झाली होती. ही दुसरी. मला एकच दिसत होतं, की ही पण जाणार, आणि मी रॉकेलच्या रांगेत होते.

अव्वा तीनदा उठून माझ्याजवळ आल्या. तिन्ही वेळा तेच, मनगट आणि "केळव्वा". पहिल्यांदा मी म्हटलं, "नंतर." दुसऱ्यांदा म्हटलं, "तुमच्याच भरवशावर ठेवली होती ना, हे केलंत तिचं!" तिसऱ्यांदा मी त्यांचा हात झटकला. त्या भिंतीला धडकल्या. मग जाऊन बाहेरच्या खोलीत बसल्या आणि पदराची गाठ चाचपायला लागल्या. गोजरबाईनं ते बघितलं आणि गिरीवरची चादर परत ओली केली.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी बाटली हलवून चमच्यात औषध ओतायला घेतलं. अव्वा दारात आल्या. चौथ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं, आणि या वेळी असं घट्ट, की थोडं औषध सांडलं.

"केळव्वा!"

"कसलं केळं!" मी किंचाळले. "शुक्रवारपासून घरात केळं आलेलं नाही! तुम्ही काळी पाडता म्हणून मी आणलीच नाहीत!"

हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. घरात केळं नव्हतं. मग पोरीनं खाल्लं कुठलं? पण अव्वा म्हणतात केळ. अव्वा मला केळव्वा म्हणतात आणि चन्नवीरला केळप्पा. बाईला व्वा, बाप्याला प्पा. मग उरतं नुसतं केळ. आणि मला चन्नवीर दिसला, गठ्ठा खांद्यावर घेऊन निघालेला. अव्वा त्याचं मनगट धरतात, "केळप्पा" म्हणतात, आणि तो गठ्ठा खाली ठेवतो. मान वाकवतो, कान त्यांच्या तोंडाशी नेतो.

ऐक. ती बाई सकाळपासून मला 'ऐक' म्हणत होती.

चमचा मी खाली ठेवला. "गोजरबाई," मी म्हणाले, "पळ. सांग माग बंद करा म्हणून. चारी. पाया पड त्यांच्या, पण बंद कर. आणि दारातल्या बायांना घालव."

"औषिद?" ती म्हणाली. "तीन वाजत्यात की."

"जा म्हणते ना!"

ती पळाली. एकेक माग थांबला. चौथा थांबल्यावर घरात अशी शांतता झाली की गिरीचा श्वास ऐकू यायला लागला, भरभर आणि कोरडा. मी अव्वांना खाली बसवलं आणि त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले. माझ्या तोंडाशी वीस प्रश्न होते. एकच काढायचा ठरवला. आवाज खाली आणला. मला तो येतच नव्हता, पण आणला.

"अव्वा. गिरीनं काय खाल्लं?"

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी वाट बघितली. आयुष्यात मी कशाची अशी वाट बघितली नाही. पाठीमागे पोरगी हवेत मुंग्या वेचत होती, आणि माझा जीव म्हणत होता, हलव म्हातारीला, गदागदा हलव, ओरड. मी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

अव्वांच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. "दे..." त्या म्हणाल्या. "दे..."

आणि गिरणीचा तीनचा भोंगा झाला.

सोलापुरात राहणाऱ्याला भोंगा ऐकू येत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला असतो. त्या दिवशी मला वाटलं, हा बंदच होणार नाही. अव्वांची मान भोंग्याकडे वळली. तो थांबला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही उरलं नव्हतं. कोरी पाटी. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घाबरून म्हणाल्या, "हौद."

मला हंबरडा फोडावासा वाटला. दाराशी परत आलेली गोजरबाई काहीतरी बोलायला गेली. मी बोट ओठांवर ठेवलं. मग अव्वांचा हात हातात घेतला. मघाशी झटकलेला तोच हात. पुन्हा पहिल्यापासून.

"अव्वा. गिरीनं. काय खाल्लं?"

त्या गप्प. मीही गप्प. गिरीचा श्वास एकदा अडखळला, परत सुरू झाला. मी मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर अव्वांचीही नजर वळली असती.

"देवाचं," अव्वा म्हणाल्या.

मी आणखी थांबले.

"देवाचं... काट्याचं." आणि त्यांचा दुसरा हात आपोआप पदराकडे गेला. गाठीवर आला. त्यांनी गाठीकडे बघितलं, जणू ती आता पहिल्यांदाच दिसत होती. बोटांनी ती सोडायला लागल्या. मला ती हिसकून सोडवावीशी वाटत होती. मी मांडीखालचा हात हलू दिला नाही.

गाठ सुटली. आत वाळकं, काटेरी, उकललेलं बोंड होतं, आणि चार-पाच चपट्या तपकिरी बिया.

"धोत्रा!" गोजरबाई किंचाळली.

सोमवारी महादेवाला धोत्र्याची फुलं वाहायची, ती अव्वा परसातल्या झाडाची आणायच्या. फांदीबरोबर वाळकं बोंडही आलं असणार. त्या डोळे मिटून पूजेला बसल्या आणि पोरीनं बिया तीळ समजून खाल्ल्या. उघडलेलं बोंड बघून अव्वांना सगळं कळलं होतं. विसरू नये म्हणून त्यांनी ते पदरात बांधलं होतं. ती गाठ साडेअकरापासून माझ्या डोळ्यांसमोर होती.

टांग्यानं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी गिरी, ते बोंड आणि मिक्श्चरची बाटली, सगळं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बोंड बघितलं आणि ताबडतोब नळी मागवली. पोट धुतलं. पहाटेपर्यंत तिचे हातपाय धरून बसावं लागलं.

सकाळी त्यांनी ती बाटली हातात घेऊन विचारलं, "हे किती वेळा दिलं?"

"एकदा."

"तीनचा डोस?"

"नाही दिला."

त्यांनी बाटली खाली ठेवली. म्हणाल्या, पोटातली कळ थांबवायला यात जे घालतात ते धोत्र्याच्याच जातीचं असतं. आधीच अंगात विष, त्यावर आणखी तेच. "दुसरा दिला असता तर मला काही सांगता आलं नसतं बाई." मी ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

बुधवारी गिरीनं मला ओळखलं. त्याच दिवशी चन्नवीर आला. मी त्याला पहिलं तेच विचारलं. "केळ म्हणजे काय हो?"

"ऐक," तो म्हणाला. "केळव्वा म्हणजे ऐक गं बाई. अकरा वर्षं झाली, एवढं पण ठाऊक न्हाई व्हय तुला?"

गुरुवारी आम्ही पोरीला घरी आणलं. परसातलं धोत्र्याचं झाड गोजरबाईनं आधीच मुळासकट उपटून टाकलं होतं. गिरी झोपली. अव्वा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. दंडावर काळंनिळं झालं होतं, सोमवारी भिंतीला धडकल्या होत्या तिथं. मी काही बोलायच्या आतच त्यांनी माझं मनगट धरलं.

"केळव्वा."

मी खाली बसले. समोर, गुडघ्याला गुडघा लावून. पलीकडे माग चालू होते, म्हणून उठून दार लोटलं आणि परत बसले. आता त्या मला काय सुनावणार ते मला माहीत होतं. हात झटकल्याचं सुनावणार. पोरीचं खापर त्यांच्यावर फोडलं त्याचं सुनावणार. सुनावू देत, मी आता कुठे जाणार नव्हते. त्या बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत होत्या. शब्द जुळवत होत्या, एकेक, मराठीतला. मी थांबले.

"मला," अव्वा म्हणाल्या, "केळं... आवडत न्हाई."